इथे मिळत नाही: ताइफमधली एक चिनी वही

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो. "चिनी औषधांचा अभ्यास करायला लोक चीनला जातात. तुम्ही सौदीला कशाला गेलात?" शेजारच्या काकूंनी "खजूर आणलेस का?" एवढंच विचारलं, तेव्हा मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. बाकीच्यांना काय काय सांगणार? म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी पुण्यात चिनी भाषा शिकवत असे. बारा वर्षं चीनमधल्या जुन्या वनौषधींच्या ग्रंथांमागे लागले आहे, पण माझे ग्रंथ सगळे छापील. कुणा वैद्याच्या हातची, तेलाचे डाग पडलेली वही मी कधी हातात धरली नव्हती. माझा धाकटा भाऊ मिलिंद रियाधला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. गेल्या सुट्टीत तो बायको-मुलाला घेऊन ताइफला थंड हवेला गेला, तिथे त्याला खोकला झाला, आणि बाजारातल्या अत्ताराच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, दुकानात काउंटरवरचा माणूस चक्क मराठीत म्हणाला, "ज्येष्ठमध चघळा, काय नाय होत." ते उस्मानभाई. रत्नागिरी जिल्ह्यातले. बोलता बोलता मिलिंदने बहिणीचं वेड सांगितलं, आणि उस्मानभाई म्हणाले, "इथं एक चिनी म्हातारी हाय. तिच्या बापाची औषधाची वही हाय तिच्याकडं. कुनाला वाचता येत नाय."

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली.

रियाध

इथे चारच दिवस राहिले, त्यामुळे शहराबद्दल अधिकारवाणीने बोलत नाही. वहिनीने थालीपीठ आणि ठेचा करून माहेरपण केलं. भाचा अर्णव मला "नो, थँक यू, आत्या" म्हणून प्रत्येक घासाला नकार देत होता आणि मी मराठीत आग्रह करत होते. दोघंही आपापल्या भाषेत ठाम.

तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. अमुक दुकानांत आता फक्त स्थानिक लोकांनीच काम करायचं, असे नियम एकामागून एक येत होते. मिलिंदच्या इमारतीतली दोन कुटुंबं घर आवरायला लागली होती. मिलिंद म्हणाला, "ताई, ते तुझे उस्मानभाई पण निघाले बरं का. महिनाअखेर इकामा संपतोय. कफील भला माणूस आहे, पण तोही काय करणार? खुरूजचा शिक्का लागलाय." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, कफील म्हणजे तो काढून देणारा स्थानिक मालक, आणि खुरूज म्हणजे कायमचं परत जायचं.  मी कॅलेंडर बघितलं. बारा दिवस उरले होते.

चढणीवर

ताइफ डोंगरावर आहे, आणि मला घाट दाखवायला मिलिंदने मुद्दाम वळसा घालून पायथ्याकडून आणलं. पायथ्याशी भट्टी, आणि वळणावळणाच्या रस्त्याने वर चढलं की खिडकीतून गार वारा येतो. वर मिलिंदने गाडी थांबवली. कठड्यावर माकडं बसली होती, चांगली केसाळ, तोंडावर तुच्छता असलेली. वहिनीने बांधून दिलेल्या दशम्यांची पिशवी मी गाडीच्या टपावर ठेवली आणि फोटो काढायला वळले. तेवढ्यात एका माकडाने पिशवी उचलली, दशमी काढली, वास घेतला आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ली. मिलिंद हसून हसून खाली बसला. वहिनीला मात्र आम्ही दोघांनी "छान झाल्या होत्या" असंच सांगितलं.

गुलाबांचा मोसम होता. सकाळी गावाबाहेरच्या मळ्यांतून फुलं पोत्यांनी येतात आणि तांब्याच्या हंड्यांत उकळतात. आपल्याकडे गुलाबपाणी लग्नात शिंपडतात. इथे ते चहात घालतात, डोळ्यांत घालतात, आणि भांडण मिटवायला भेटही देतात. मिलिंदने मला दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत सोडलं आणि तो रियाधला परतला.

उस्मानभाईंचं दुकान लहान. भिंतभर लाकडी कप्पे, बडीशेप आणि ऊद यांचा मिसळलेला वास. उस्मानभाई साठीला टेकलेले, सडपातळ. काउंटरच्या पलीकडे काळ्या पायघोळ अबायातली एक तरुणी वहीत नावं उतरवत होती. "ही मरियम," उस्मानभाई म्हणाले, "त्या चिनी म्हातारीची नात. माज्या जागेवर हीच येनार." सगळं एका दमात, दर सांगावा तसं. मरियम रसायनशास्त्र शिकलेली. दोन वर्षं घरी बसून होती, ही तिची पहिली नोकरी. ती त्यांना विचारी, हा कप्पा कशाचा? ते नाव सांगत. तेवढंच. चांगलं-वाईट कसं ओळखायचं, ते सांगत नव्हते. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं, पण मी कोण बोलणार?

नाइनाइंच्या घरी

मागच्या शतकात चीनच्या वायव्य भागातली काही मुसलमान कुटुंबं हजला आली आणि इकडेच राहिली. ताइफची हवा त्यांना घरच्यासारखी वाटली असावी. मरियमची आजी हलीमा त्यांच्यातली. जन्म इथलाच, वय सत्तरच्या घरात, कागदाने सौदी, पण घरात आईबापांची बोली बोलून मोठी झालेली. मी दारात उभी राहून चिनीत म्हटलं, "नाइनाइ, बरी आहात ना?" नाइनाइ म्हणजे आजी. म्हातारी एकदम थांबली. मग माझा हात धरून जे बोलत सुटली ते थांबेचना. तिच्या भावंडांनंतर त्या बोलीत तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

झाकणाच्या वाटीत चहा आला. तळाशी लाल बोरं, खडीसाखर, सुकी फुलं. वाटी रिकामी झाली की वरून गरम पाणी. नको म्हणायचं असेल तर वाटीवर हात ठेवायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली सौजन्याने पीत राहिले. आठव्या वाटीला मरियमने सुटका केली.

मग वही आली. जाड कागद, कडा खाल्लेल्या. मी उघडली आणि माझे डोळे पांढरे झाले. भाषा चिनी होती, पण लिपी अरबी! नाइनाइंचे वडील हकीम होते. मशिदीत शिकलेले, त्यामुळे त्यांना चिनी चित्राक्षरं येत नव्हती. ते आपली चिनी बोली अरबी अक्षरांत लिहीत. त्यांच्याकडच्या मुसलमानांची ही जुनी रीत. बारा वर्षांची माझी विद्या एका क्षणात कुचकामी झाली. छापील अलिफ-बे मी अडखळत वाचते, पण हे हकिमाच्या हाताचं लगीनघाईचं अक्षर!

"फोटो काढू का?" मी विचारलं.

"नाही," नाइनाइ म्हणाल्या. "आई सांगायची, यात बायकांची नावं आहेत, त्यांची दुखणी आहेत. ती वही घराबाहेर जाणार नाही. इथे बसून वाच, हवं ते लिहून घे, नावं मात्र घेऊ नकोस."

मरियमने वाचायचा प्रयत्न केला. ती अरबी शाळेत शिकलेली, पण दर दोन शब्दांनी अडे, कारण च, प, ग असल्या आवाजांची जादा अक्षरं वहीत होती आणि ती अरबीत नाहीत. उस्मानभाई मला सोडायला आले होते, दाराशी उभे होते. त्यांनी मान वाकवून बघितलं. "ही तर आमची उर्दूची अक्षरं," ते म्हणाले आणि घडाघडा वाचू लागले.

झालं, आमची गाडी सुरू झाली. रोज दुपारच्या नमाजानंतर दुकान बंद होई ते चारपर्यंत. उस्मानभाई वाचायचे, त्यांना कळायचं नाही. नाइनाइंना ऐकून कळायचं, वाचता यायचं नाही. मी ऐकून औषधं ओळखायची आणि लिहून घ्यायची. मरियम चहा, अरबी आणि इंग्रजी पुरवायची.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. उस्मानभाईंनी लहानपणी मदरशात जसं वाचायला शिकवलं तशा सुरात वाचलं. आवाज सुंदर. नाइनाइंनी ओढणी सावरली, डोळे मिटले, दुआ मागायला हात पसरले. आणि मला ऐकू येत होतं ते असं: रेवाचिनी तीन चिमट्या उकळा, सकाळी पोट साफ होईल, न झाल्यास आणखी एक. मी ओठ चावून धरले, पण हसू फुटलंच. नाइनाइंनीही मग लक्ष देऊन ऐकलं, आणि त्या इतक्या हसल्या की मरियमने त्यांची पाठ चोळली. उस्मानभाईंना अर्थ सांगितल्यावर ते कानाच्या पाळ्या धरून म्हणाले, "तौबा, तौबा! उद्यापासनं पेपर वाचतो तसा वाचीन."

चार दिवस असे सुखाचे गेले. दर पानावर एक शब्द यायचा, 'मेय्यो'. म्हणजे नाही. हकीम गावाकडच्या मुळीचं नाव लिहायचे, पुढे 'इथे मेय्यो', आणि पुढे इथे मिळणारं काय वापरलं ते. मी हेच शोधत होते! औषधं ज्या मातीत उगवतात ती माती मागे राहिल्यावर वैद्य काय करतो, हे माझ्या कुठल्याच छापील ग्रंथात नव्हतं. आनंदाने मी वेडी व्हायची बाकी होते. उस्मानभाईंना तो शब्द पाठ झाला. दुकानात एकाने कसलासा मध मागितला, तर ते म्हणाले, "मेय्यो!" गिऱ्हाईक बघतच राहिलं.

पाचवा दिवस

पान उलटलं. उस्मानभाई वाचू लागले आणि तिसऱ्याच वाक्याला मी लिहायचं थांबले. अमक्याची बायको, नाव, आणि तिचं अगदी आतलं दुखणं. नाइनाइंनी हात वर केला. "बस." मग अरबीत उस्मानभाईंना शांतपणे काहीतरी म्हणाल्या. उस्मानभाईंचा चेहरा उतरला. आपण परक्या बाईचं काय मोठ्याने वाचलं हे त्यांना कळलं होतं. वही त्यांनी दोन्ही हातांनी बंद केली.

पुढची निम्मी वही बायकांची होती. ती पुरुषाने वाचायची नाही, हा नाइनाइंचा शब्द. वाद घालायला जागाच नव्हती. त्या उस्मानभाईंना म्हणाल्या, "मरियम वाचेल. तिला ती अक्षरं तू शिकव."

उस्मानभाई उठले. "मला सामान बांधायचंय," असं म्हणून निघून गेले.

मी चपला घालत त्यांच्या मागे रस्त्यावर धावले. "उस्मानभाई, दहा-बारा अक्षरांचा तर प्रश्न आहे!"

ते वळले. एवढा शांत माणूस, पण आवाज चढला. "ताई, तीस वर्षं झाली मला त्या दुकानात. दुकान दिलं तिला, कप्पे दिले, गिऱ्हाईक दिलं. हुकूमच हाय, मी काय बोललो नाय. आता वाचनबी देऊ? मग माज्याकडं ऱ्हायलं काय?"

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हणाले, "पण माझं काम अडेल हो!"

"तुमचं काम," ते म्हणाले. रागावले नाहीत, नुसतं बघितलं. आणि गेले.

मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. त्या माणसाचं आयुष्य चार खोक्यांत बांधलं जात होतं आणि मी माझ्या टिपणवहीचं रडगाणं गात होते. दुसऱ्या दिवशी मी दुकानाकडे फिरकलेच नाही. डाळिंबं घेतली, खाल्ली नाहीत. मनात दोन्ही होतं, खरं सांगते. त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि निम्मी वही न वाचता परत जायचं म्हणून जीव जळतही होता.

दुपारी नेहमीच्या वेळी नाइनाइंकडे निरोप घ्यायला म्हणून गेले, तर उस्मानभाई बैठकीत गालिच्यावर मांडी घालून बसलेले. समोर दुकानातली कागदी पिशवी फाडून पसरलेली, तिच्यावर मोठाली अक्षरं. समोर मरियम.

मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "रात्री घरवालीला फोन केला. म्हटलं, असं असं झालं. मला वाटलं, माजी बाजू घेईल."

"मग?"

"तीस वर्षं ती वाट बघतेय, ताई. मला म्हनाली, तुमी या नायतर नका येऊ. पन कुनाला अक्षर शिकवायला नाय म्हनून येऊ नका." एवढं बोलून ते मरियमकडे वळले आणि अरबीत खेकसले, "हं! परत म्हण!"

दोन दुपारी त्यांनी तिला अक्षरशः घासून घेतलं. चुकली की कागदावर पेन आपटायचे. मरियमही हट्टी. तिसऱ्या दिवशी तिने अख्खं पान न अडखळता वाचलं.  उस्मानभाईंनी उठून अंगणातल्या डाळिंबाखाली खुर्ची टाकली आणि पाठ करून बसले. "आता तुमी बायका वाचा," म्हणाले.

बायकांची पानं

त्या पानांतलं काय लिहावं आणि काय नाही, याचा शब्द मी दिला आहे. एकच गोष्ट सांगते, कारण ती नाइनाइंची स्वतःची आणि त्यांनीच सांगायला सांगितली.

मरियम वाचत होती. हकिमांनी लिहिलं होतं: बायको बाळंत झाली, मुलगी. अंगावर दूध नाही. गावाकडे दांगग्वेईची मुळी देतात, इथे मेय्यो. तीन दिवस बाळ रडतं आहे. अत्ताराच्या दुकानातल्या हिंदी माणसाला विचारलं. त्याने तांबूस, बारीक बी दिलं, पाण्यात टाकल्यावर बुळबुळीत होतं. म्हणाला, आमच्याकडे बाळंतिणीला गुळात घालून देतात. पैसे घेतले नाहीत. चौथ्या दिवशी दूध आलं.

मी ओरडलेच, "अळीव!"

तरी खात्री हवी. मरियम अंगणात जाऊन विचारून आली. उस्मानभाईंनी लांबूनच मान डोलावली, दुकानात गेले आणि मूठभर बी घेऊन आले. तेच. आईने माझ्या दोन्ही बाळंतपणांत अळिवाचे लाडू केले होते, मला ते अजिबात आवडायचे नाहीत आणि ती समोर बसून खायला लावायची. हे मी नाइनाइंना सांगायला लागले आणि बघते तर त्या रडत होत्या. ती मुलगी म्हणजे त्याच होत्या. या घरात इथे जन्मलेलं पहिलं मूल.

"नाव काय त्या हिंदीचं?" त्यांनी विचारलं.

मरियमने पुढचं-मागचं पान पाहिलं. नाव नव्हतं. अंगणातून उस्मानभाई म्हणाले, "माज्या आधी माजे मामू होते दुकानात. त्यांच्या आधी आनखी कोन कोन. आमच्याच बाजूचे सगळे. आता काय सांगनार?"

त्या दिवशी नाइनाइंनी हाताने ओढलेल्या शेवया केल्या. माझ्यासाठी टोमॅटो-अंड्याच्या, बाकीच्यांसाठी मटणाच्या. उस्मानभाईंना आग्रह करकरून वाढलं. त्यांना नको म्हणता येईना आणि त्यांच्याही वाटीवर हात ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटची दुपार

वही संपली तेव्हा उस्मानभाईंच्या विमानाला दोन दिवस होते. माझ्या टिपणवह्या तीन भरल्या होत्या. मी नाइनाइंच्या पाया पडले. ही आमची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्या घाबरून मला उठवायला वाकल्या आणि आमची डोकी आपटली.

वहीच्या शेवटी काही पानं कोरी होती. नाइनाइंनी ती उलगडून मरियमच्या पुढ्यात ठेवली आणि उस्मानभाईंना म्हणाल्या, "बस. तुला दुकानातलं जे माहीत आहे ते सांग. ही लिहील."

उस्मानभाई गोंधळले. "मी कुठला हकीम? मी पुड्या बांधनारा मानूस."

"तो हिंदीही पुड्याच बांधत होता," नाइनाइ म्हणाल्या.

ते मांडी घालून बसले. मग घसा खाकरून सुरुवात केली, "चोपचिनी..." मरियमने पेन टेकवलं, तोच नाइनाइंनी तिचं मनगट धरलं.

"आधी याचं नाव लिही. बाबांनी मागच्या वेळी लिहिलं नाही."

उस्मानभाईंनी आपलं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग गावाचं, तालुक्याचं, पोस्टाचं, जसं इकाम्याच्या अर्जावर तीस वर्षं सांगत आले तसं क्रमाने.  त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि मरियमवर पुन्हा खेकसले, "लिही! चोपचिनीची मुळी पाण्यात टाकायची. बुडाली तर घ्यायची. तरंगली तर ती आतून किडकी, परत द्यायची. आतून गुलाबी असली पाहिजे. मी तुला हे सांगितलं नव्हतं."

"नाही," मरियम म्हणाली.

"आता सांगतोय."

चार वाजले, नमाज झाली, दुकान उघडायची वेळ टळून गेली. ते सांगत होते, ती उजवीकडून डावीकडे लिहीत होती, आणि मी खुशाल रडत होते.

पुण्याला आल्यावर हस्तलिखिताचं सूचीपत्रक भरायला घेतलं. भाषा, लिपी, पानं, सगळं भरलं. 'कर्ता' या रकान्यात एक ओळ असते. मी तिथे हकिमांचं आणि उस्मानभाईंचं, अशी दोन नावं लिहिली आहेत.